बदलीच्या ड्रायव्हरवाल्या काकांना थँक्यू

काका,

तुमचा मोबाईल अजून बटणांचाच असेल, पण नातू वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहितेय. बँकेच्या परीक्षेचा निकाल लागला, झालं माझं! ज्या इंग्लिशने दोनदा आपटवलं त्यातच या वेळी कटऑफच्या वर गेले.

आठवतंय का, अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलावर मी डोकं धरून बसले होते, तुम्ही पंखा बंद करायला आलात आणि माझ्या वहीत डोकावलात. वाक्य होतं 'ही स्पीक्स इंग्लिश बेटर दॅन आय ॲम', चूक शोधा. मला चूक दिसेचना. क्लासमध्ये 'दॅन आय'च्या पुढे 'ॲम' लावायचं असं डोक्यात बसलेलं, ते 'शी इज टॉलर दॅन आय ॲम'ला बरोब्बर बसायचं आणि मग मी दिसेल तिथे तेच चिकटवत सुटले होते.

तुम्ही नियम सांगितलाच नाहीत. म्हणालात, हेच मराठीत बोल बरं. तो माझ्यापेक्षा चांगलं इंग्लिश बोलतो, मी म्हटलं. "मग यात तुझं क्रियापद कुठाय?" नव्हतंच की! 'पेक्षा'ने परस्पर सगळं भागवलेलं. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे पेक्षा लावला की काम संपलं, तिकडे दुसऱ्या माणसालाही क्रियापद द्यावं लागतं, बोलताना लोक नुसतं 'दॅन मी' म्हणून मोकळे होतात ते सोड, तुला पेपर लिहायचाय.

मग पेपरच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने अख्खं वाक्य लिहिलंत, 'ही स्पीक्स इंग्लिश बेटर दॅन आय स्पीक इंग्लिश', शेवटचं 'स्पीक इंग्लिश' खोडलंत आणि वर छोटंसं 'डू' काढलंत. हा बदलीचा ड्रायव्हर, म्हणालात. सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेलेली ना तुमची, दुसरं सुचणार काय! रेग्युलरवाला रजेवर गेला की बदलीवाला त्याच्याच शेड्यूलवर जातो, पण इज, कॅन, हॅव ही मंडळी ड्यूटीवर हजर असतील तर बदली कशाला पाठवायचा, त्यालाच परत गाडी द्यायची. म्हणून 'शी कॅन स्विम बेटर दॅन आय कॅन' आणि 'शी हॅज रिटन मोअर लेटर्स दॅन आय हॅव'. मी लगेच शहाणपणा केला, मग 'शी हॅज मोअर बुक्स दॅन आय डू' कसं चालतं? तुम्ही हसलात. तिथे हॅव नुसता मदतीला नाही, तोच गाडी चालवतोय, म्हणून त्याच्या जागी बदली चालतो, डू म्हण नाहीतर हॅव म्हण, दोन्ही पोचतात.

काळाचं तर विसरूच शकत नाही. 'द एसटी रन्स मोअर बसेस टुडे दॅन इट डिड इन १९४८.' पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हे तुम्ही असं सांगितलंत जसं काही तिकिटं तुम्हीच फाडली होती 😄 पण त्यामुळे डोक्यात बसलं, की जुन्या सालाची गोष्ट आली की बदलीवाल्याने पण जुना ड्रेस घालायचा, डू नाही डिड. परीक्षेत अगदी असंच वाक्य आलं, मागे 'लास्ट इयर' होतं आणि पुढे 'डू', मी मनात म्हटलं ड्रेस चुकला, आणि टिक केली.

मला सगळ्यात आवडलेलं मात्र आई-दादाचं वाक्य. 'आई माझ्यापेक्षा दादावर जास्त चिडते.' मी इतकी वर्षं बोलतेय, कधी जाणवलंच नाही की याचे दोन अर्थ होतात! मी दादावर चिडते त्याहून आई जास्त चिडते, की आई माझ्यावर कमी आणि दादावर जास्त चिडते? आपल्याला घरातलं माहीत असतं म्हणून निभावतं. इंग्लिशमध्ये 'मोअर दॅन आय डू' म्हटलं की चिडणारी मी, 'मोअर दॅन शी डज विथ मी' म्हटलं की चिडणारी आईच. तो एवढासा डू काय करतो ते त्या दिवशी कळलं. (आमच्याकडे दुसरा अर्थ खरा आहे, दादाला विचारा.)

'द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई'मध्ये 'दॅट ऑफ' पाहिजे, तो पण बदलीवालाच, फक्त नामाचा, हे मी नंतर आपलं आपण जुळवलं, तेवढं क्रेडिट माझं.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, उलट चहा तुमच्याच खात्यावर. तो पेपरचा तुकडा अजून माझ्या वहीत आहे, 'डू' जरा पुसट झालाय. शनिवारी पेढे घेऊन येते. शुगर आहे माहितीय, अर्धाच खा, बाकीचा अर्धा काकूंचा.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलवाली