धूर गिऱ्हाईकाचा, फुफ्फुसे वेटरची

संपादक महोदय,

वास्कोतील कोळशाच्या धुळीवर गोव्यात मोर्चे निघतात, विधानसभेत प्रश्न येतात. यायलाच हवेत. पण बार-रेस्टॉरंटमधल्या धुराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा गोव्याने 1997 मध्येच केला. केंद्राचा कायदा आला 2003 मध्ये. इतक्या आधी जागे झालेल्या राज्यात आज किनारपट्टीवरच्या कित्येक बारमध्ये ॲशट्रे खुद्द मालकच टेबलावर ठेवतो! 2008 च्या नियमांनुसार तो ठेवताच येत नाही. 30 किंवा अधिक आसनांच्या रेस्टॉरंटला धूम्रपानासाठी वेगळी बंदिस्त जागा करण्याची सवलत आहे. पण 2017 च्या दुरुस्तीनंतर त्या जागेत खाणेपिणे पुरवायलाही मनाई आहे. हे किती मालकांना ठाऊक असेल?

गिऱ्हाईक तासाभराने उठून जाते. वेटर, बारमन, गल्ल्यावरचा माणूस मध्यरात्रीपर्यंत तीच हवा ओढतो, तीही हंगामभर. स्वतः कधी विडी न ओढणाऱ्याला दुसऱ्याच्या धुरामुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो. एसी किंवा एक्झॉस्ट फॅन लावून तो टळत नाही.

पिणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावे. फेणी असो वा व्हिस्की, सोबत सिगारेट आली की स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नव्हे, तर जवळजवळ गुणाकाराने वाढतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल, तर गुळण्या करत न बसता घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. खोकल्यातून रक्त पडले तर एक दिवसही थांबू नये. आपल्याकडे फुफ्फुसाची गाठ क्षयरोग समजून महिनोन्महिने भलतेच उपचार चालतात. म्हणून थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि गोळ्यांनी फरकही पडला नाही, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

200 रुपयांच्या दंडाला कोण भिणार? पर्यटक तेवढी टीप ठेवून जातो. बारमालक भितो तो परवान्याला. म्हणून अबकारी परवान्याचे नूतनीकरण करण्याआधी त्या जागेची धूम्रपानबंदीच्या दृष्टीने तपासणी करावी, आणि ती दुपारी रिकाम्या खुर्च्यांची नव्हे, रात्री दहानंतर व्हावी.

– एक वाचक, म्हापसा