सुध्याला पत्र

घाटंजी,
कोजागिरीच्या आदल्या रात्री

प्रिय सुध्या,

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मला हे सलग सांगायचं आहे, म्हणून पत्र. मी बरा आहे. आईचे गुडघे तसेच.

नामदेवकाका दवाखान्यात आहेत. तुला विहिरीत ढकलून "आता पोय" म्हणणारे नामदेवकाका. यंदा कपाशीची पराटी डोक्याच्या वर गेली आहे. त्यात पंप पाठीवर घेऊन दिवसभर फवारा मारला, वारा तोंडावर. बाटलीवर लाल त्रिकोण, आत ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक. संध्याकाळी तोंडातून लाळ, घामानं सदरा पिळून निघाला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं फवारणीनं गेली, त्यामुळे गावात कुणी वेळ घालवला नाही. ॲट्रोपिन, या विषावरचं औषध, सुरू झालं. सकाळी लाळ थांबली, बाहुल्या मोठ्या झाल्या, काकांनी चहा मागितला. काकू रडता रडता हसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "काका, उशीवरून मान उचला."

उचलेना. पुन्हा म्हणाल्या. सुध्या, काकांना ऐकू येत होतं, डोळे बाईंकडे वळत होते, कपाळाला आठ्या पडत होत्या, पण मान जागची हलत नव्हती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो आणि माझी बोटं आपोआप, प्रयोगशाळेत कृमीला टोचून बघायची प्लॅटिनमची तार धरल्यासारखी जुळली. हलतो का? नाही. पुढचा. हे मी इथे कुणाला सांगू? बाईंनी श्वासाची वाट न बघता तासाभरात व्हेंटिलेटर लावला. त्यांना माहीत होतं की ॲट्रोपिन लाळ, घाम, छाती सांभाळतं, स्नायूंपर्यंत त्याचा हात पोचत नाही; आणि एक ते चार दिवसांत आधी मान पडते, मग श्वास.

रात्री काकूंना समजावत बसलो. म्हटलं, नस स्नायूला निरोप पाठवते तो ॲसिटिलकोलीनचा. काम झालं की एक एन्झाइम तो पुसून टाकतं. ही दवाई त्या एन्झाइमलाच धरते, मग निरोपावर निरोप साचतात आणि स्नायू आखडून शेवटी गळतो. आम्ही एका मिलिमीटरच्या कृमीवर हेच बघतो, त्याच्या अंगात फक्त ३०२ चेतापेशी. काही कृमींना असल्या विषाचं फारसं काही होत नाही, हेही बोलून गेलो. काकू लगेच म्हणाल्या, "मंग त्याईच्यातलं काही काढून मानसाले टोचता येत नाही का रे?"

आता सांग, काय सांगायचं? अंक-१३ हा जीन बिघडलेला कृमी अल्डिकार्बवर, म्हणजे त्याच एन्झाइमला धरणाऱ्या आपल्या प्लेटांवरच्या विषावर टिकतो, कारण त्याच्या नसा निरोपच जेमतेम सोडतात. ॲसिटिलकोलीनच्या पिशव्या भरलेल्या, पण सोडायला तयार होत नाहीत. साचायलाच काही नाही. मी म्हटलं, काकू, तो जगतो, पण त्याला धड सरपटता येत नाही. "मंग तो वावरात काय कामाचा," असं म्हणून त्या काकांच्या पायांना तेल लावायला गेल्या.

आपलं मेसच्या गच्चीवरचं भांडण आठवतं? तू म्हणायचास अल्डिकार्ब ही नुसती गाळणी आहे, नस बोलते किती हे मोजायची. विष-विष काय करतोस. आणि मग या कृमीवर जीनचं काम सुरू करणाऱ्या ब्रेनरचा १९७४ चा पेपर माझ्या तोंडावर फेकायचास: हालचाल बिघडवणारे ७७ जीन त्यानं कृमींची चाल बघून काढले, त्याला कुठे विष लागलं! पेपर मेसच्या वरणात पडला होता आणि तू तो उन्हात वाळवून फाइलला लावलास. गाळणी उत्तम आहे, हे मला तेव्हाही मान्य होतं. अंक-१८ या कृमीच्या जीनचा माणसातला जोडीदार बिघडला की तान्ह्या लेकरांना फिट येतात, हे कृमीच्या त्या अडखळत्या चालीपासूनच्या कामाशी जोडलेलं आहे. त्याची किंमत मी कधीच कमी केली नाही. पण आपण मोजतो ते कोण किती वेळात पडतं एवढंच. उठतं कोण, हे आपण मोजत नाही.

रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. अल्डिकार्ब कार्बामेट, त्याची एन्झाइमवरची पकड आपोआप सुटते. कृमी विष नसलेल्या साध्या प्लेटवर ठेवला की पुन्हा चालायला लागतो. ऑर्गॅनोफॉस्फेटची पकड वेळ गेला की कायमची बसते, मग नवीन एन्झाइम तयार होईपर्यंत थांबायचं. मला ऑर्गॅनोफॉस्फेटवर पडलेले कृमी साध्या प्लेटवर घेऊन बघायचं आहे, लवकर कोण उठतं आणि कोणत्या जीनमुळे. निरोप कमी सोडणाऱ्यांना वगळायचं, चाल शाबूत असलेले शोधायचे. सर म्हणतात तिसऱ्या वर्षी नवा विषय नको. त्यांचंही खरं आहे, फेलोशिप थांबत नाही. आणि कृमीत सापडलेलं माणसाच्या मानेपर्यंत पोचेल का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. तरी जुन्याच प्लेटांवर, जुन्याच विषयासाठी मला आता तार धरवत नाही.

सर तुझं ऐकतात. त्यांच्याशी बोल. आणि तुला हे खुळ वाटत असेल तर आधी मला सांग, सरळ सांग, मी भांडेन पण ऐकेन.

काकांना आज तासभर व्हेंटिलेटरशिवाय ठेवलं, मान दोन बोटं उचलली. बोंडअळी थांबायला तयार नाही म्हणून काकांचा प्रवीण उरलेला फवारा मारतो म्हणतोय. पंप मी आमच्या घरी आणून कुलपात घातला आहे, त्यामुळे तो माझ्याशी बोलत नाही.

तुमच्याकडे थंडी पडली असेल. बाळाचं नाव ठेवलं का? वहिनींना नमस्कार. सरांना सोमवारच्या आत फोन कर, मंगळवारी ते दौऱ्यावर जातात.

तुझा,
दिन्या