बागेला टाळं लागलं, विन्या

पुणे,
घटस्थापना

प्रिय विन्या,

दार्जिलिंगच्या दीदीचा फोन आला होता. त्यांची चहाची बाग बंद झाली. फाटकावर 'काम स्थगित'ची नोटीस, खाली मॅनेजरची सही, आणि मॅनेजरसाहेब रातोरात सिलिगुडीला पसार. सकाळी बायका डोको, म्हणजे पानांच्या टोपल्या, पाठीला अडकवून हजेरीला गेल्या तेव्हा त्यांना कळलं. बोनस आठवड्यावर आला होता, दसैं, म्हणजे तिकडचा दसरा, तोंडावर. मी सुमाला सांगितलं, दादाला सांगितलं. दोघंही हळहळले आणि जेवायला बसले. त्यांना तरी काय म्हणायचं, त्यांनी दीदीचं घर पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस. २०१७ च्या जूनमध्ये गोरखालँड राज्यासाठी बंद पुकारला आणि आपण अडकलो, तेव्हा तिने स्वतःच्या वाटणीची डाळ आपल्याला वाढली होती. आणि तू, गाढवा, तिच्या सेकंड फ्लशमध्ये, जूनच्या दुसऱ्या खुडणीच्या चहात, दूध मागितलंस! ती हसली म्हणून वाचलास, नाहीतर तुला मीच दरीत ढकलला असता.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर काठावर. पुढे.

तो बंद १०४ दिवस चालला, तू तर पहिल्याच आठवड्यात जीपच्या टपावर बसून सुटलास. त्या डोंगरात वर्षाला ८० लाख किलोच्या आसपास चहा व्हायचा, त्या वर्षी तो ३२ लाखांवर आला. तेव्हा बाहेरदेशीचं जे गिऱ्हाईक नेपाळच्या चहाकडे वळलं ते पुरतं परत आलंच नाही. त्यात पाऊस लहरी झाला, झुडपं म्हातारी झाली, तरणी पोरं बंगळुरूला हॉटेलात नाहीतर सिक्युरिटीत लागली. मालकाची अडचण खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण नोटीस नेमकी बोनसच्या आधी लागते, हे काय पंचांग बघून होतं?

बाग बंद म्हणजे नुसती रोजी बंद नव्हे रे. रोजी तशीही किती? २०२३ साली वाढून २५० रुपये झाली. पण घर बागेचं, दवाखाना बागेचा, पाळणाघर बागेचं. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने हे सगळं मालकाच्या गळ्यात घातलं, ते चांगलंच झालं. पण जमीन सरकारची, भाडेपट्टा मालकाचा, आणि चार पिढ्या तिथे राहणाऱ्या माणसाच्या नावावर अंगणसुद्धा नाही. घर टिकवायचं तर घरातल्या एकाने बागेत राबायलाच हवं. दीदीची सून शिकलेली असून पानं खुडते ती त्यासाठी.

आता माझी काळजी. आपल्या चहाच्या दुकानात पुडीमागे वीस रुपये पाळणाघरासाठी बाजूला काढतो, ते तुला माहीत आहे. डब्यावर अक्षर तुझंच आहे. ते पैसे बायकांच्या बचत गटाकडे जातात. पत्र्याची शेड, आत साड्यांच्या झोळ्या, आया वर उतारावर पानं खुडतायत आणि एक म्हातारी पायाने दोन झोळ्या हलवत हाताने तिसऱ्या पोराला दूध पाजतेय, हे तूही बघितलंस. गेल्या हिवाळ्यात गटाने तिथे गाद्या आणि दुधाची पावडर घेतली. आता शेडलाही टाळं. मी रविवारी दुकानात गिऱ्हाइकांना हे सांगितलं तर लोक किती चांगले असतात बघ! संध्याकाळपर्यंत जुने स्वेटर, तांदूळ, पाकिटं येऊन पडली. पेन्शनर कट्ट्यावरच्या काकांनी, तेच ते मार्चच्या पहिल्या पानांच्या फर्स्ट फ्लशला 'गरम पाणी' म्हणणारे, हजाराची नोट नाही म्हणून पाचशेच्या दोन काढल्या. पाठवतोय सगळं. पण दीदी फोनवर म्हणाली, "भाइ, चामल आउँछ, सकिन्छ." तांदूळ येतील आणि संपतील. तिला काम पाहिजे आणि मला ते पटतं.

झुडपांवर आता शरदातली पानं आहेत. ती खुडली नाहीत तर झाड वर सुटतं आणि पुढच्या मार्चची पहिली पानंही हातची जातात. पण फाटक बंद असताना खुडायची कुणी आणि ती कुणाची? इथे सगळं अडलंय.

तिने घरामागच्या चार झुडपांचा चहा हाताने करून पाठवलाय. रात्रभर नांगलोवर, म्हणजे सुपावर, पानं पसरली, सकाळी तळव्यांनी चोळली, तांबूस होईतो झाकून ठेवली आणि कढईत मंद आचेवर सुकवली. पानं लांब, वाकडीतिकडी, मध्ये रुपेरी कळ्या. फॅक्टरीची सफाई त्यात नाही, पण उकळी खाली बसल्यावर पाणी ओतून तीन मिनिटं ठेवला तर पिकल्या जर्दाळूसारखा वास येतो. मी सुमाला न सांगता दिला. तिने दुसरा कप मागितला.

मात्र हा चहा पुडीत भरून मला त्यावर 'दार्जिलिंग' लिहिता येणार नाही. २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशात सगळ्यात पहिलं, आणि ते नाव नोंदणीतल्या ८७ बागांपुरतं. नियम हवाच, त्या नावाखाली भलतंच किती खपतं ते मी रोज बघतो. पण त्याच मातीतला, त्याच हातांचा चहा बिननावाचा, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. दादा म्हणतो, नेपाळातल्या इलामचा घे. इलामचा चहा चांगला आहे, तिथले छोटे शेतकरी कष्टाळू आहेत, मी इलाम म्हणून तो जरूर विकेन. पण एका व्यापाऱ्याने मला सरळ सांगितलं की तोच दार्जिलिंगच्या पुडीत भरा, पुण्यात कुणाला कळतंय? मी त्याला चहा न पाजता घालवला. मी बिननावाचाच विकणार. पुडीवर गावाचं नाव आणि करणारीचं नाव. खपेल, विन्या, मी खपवीन.

आता तुझं काम. दार्जिलिंगजवळ मिनरल स्प्रिंग म्हणून जागा आहे. मालक बाग टाकून गेला, लोकांनी तिथे आलं, वेलदोडा, संत्री लावली, पुढे चहाही सावरला आणि 'संयुक्त विकास' नावाची सहकारी संस्था काढून पानं विकू लागले. दीदीने ते पाहिलंय. तिला तसं करायचंय, निदान परसातल्या झुडपांपासून.

लगेच तोंड वाकडं करू नकोस. संगमनेरच्या स्टँडवर तू मला ऐकवलं होतंस, 'सहकाराचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही', आणि आपण एसटी येईतो बोललो नाही. तुझ्या अण्णांच्या सहकारी दूध संस्थेचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे. पण अण्णा पहाटे चारला फॅटचं यंत्र स्वतः पुसून ठेवायचे आणि दर दहा दिवसांनी पैसे वाटल्याशिवाय जेवायचे नाहीत, हेही मी पाहिलंय. ती संस्था नासली ती अण्णा गेल्यावर. कुठे नासते, कोणता माणूस कमिटीत घ्यायचा नाही, वजनकाट्यावर कुणाला बसवायचं, हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? दीदीला वकील मिळेल, तुझ्यासारखा जळलेला माणूस नाही मिळायचा.

बाकी चिनूची ॲडमिशन झाली का? वहिनींची बदली थांबली असेल तर कळव. घराचं प्लास्टर दिवाळीआधी उरकतंय असं वाटत नाही, गवंडी तोच असेल तर.

मला अण्णांच्या वेळचे पोटनियम पाठव, दुरुस्त्या करण्याआधीचे. आणि दहा दिवसांच्या पगारपत्रकाचा एक कोरा कागद. दिवाळीनंतर मी न्यू जलपाईगुडीची तिकिटं काढतोय, तुझा खालचा बर्थ. येणार की नाही ते फोनवर सांगू नकोस, चार ओळी लिही. दीदीला वाचून दाखवायच्यात.

तुझा,
बाळ्या