सहा चाकांची गाडी, आणि तुझ्यासाठी ठेवलेला चारचा आकडा

बेळगाव,
दसऱ्यानंतरचा रविवार

दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात चिमटा होता आणि चिमट्यावर ओला डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र, म्हणून नंतर करतो म्हणून ठेवून दिला. राग मानू नकोस. नंतर करायचं राहूनच गेलं आणि आता इतकं सांगायचं साठलंय की फोनवर मावणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. आपली सहा चाकांची गाडी रंगली बघ. टिरेल पी चौतीस, फॉर्म्युला वनच्या रेसच्या गाडीचं प्लास्टिकचं मॉडेल. खरंच रंगली. समोर टेबलावर ठेवलीय आणि लिहिता लिहिता मध्येच बघतोय.

आठवतं का तुला, आठवीत असताना तुझ्या मामाच्या रद्दीत तो फोटो सापडला होता, पुढं चार बारकी चाकं आणि मागं दोन दांडगी, आणि आख्खा वर्ग म्हणाला की असली गाडी नसतेच, कुणीतरी चित्र काढलंय. आपण दोघंच खरी आहे म्हणून अडून बसलो होतो. त्या दिवाळीत तुमच्या परड्यात राजहंसगड केला होता, मावळे मांडून झाल्यावर तू पुठ्ठ्याची गाडी केलीस, थम्सअपच्या बाटल्यांची सहा बुचं लावून, आणि नाकावर खडूनं चार लिहिलास. किल्ल्याच्या पायथ्याला रेसची गाडी बघून तुझी आजी किती वेळ हसत होती. मला ते सगळं आत्ता झाल्यासारखं आठवतंय, खडूचा चार सुद्धा, जरा डावीकडं कललेला.

गाडी खरी होती हे नंतर कळलं, पण का केली होती ते मला अगदी या वर्षी नीट समजलं. डेरेक गार्डनर म्हणून टिरेलचा डिझायनर. त्या वेळी नियमानं पुढचं नाक दीड मीटर रुंद चालायचं, पण नेहमीची पुढची चाकं नाकाच्या वरनं डोकं काढायची आणि वारा अडवायची. त्यानं चाकं केली दहा इंची, म्हणजे नाकाआड लपली, आणि बारक्या चाकाला रस्त्यावर पकड कमी म्हणून दोनाची चार केली. एवढं साधं! ड्रायव्हरला आत बसून ती चाकं दिसायची नाहीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला बारक्या खिडक्या ठेवल्या. १९७६ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला टिरेलचे दोघे ड्रायव्हर, शेक्टर पहिला आणि देपाये दुसरा, दोन्ही सहा चाकांच्या. पुढच्या वर्षी मात्र बारक्या टायरवर पुढं काम झालं नाही, गाडी जड झाली आणि मागं पडली. नंतर १९८३ पासून चारच चाकं असा नियमच आला. म्हणजे ती एकदाच जिंकलेली कल्पना आहे, आणि मला तिच्याबद्दल माया वाटते ती त्यामुळंच.

मी घेतलाय तो तामिया या जपानी कंपनीचा वीसाला एक मापाचा किट, १९७६ च्या जपान रेसचा. हातात वीतभर येते. तुला सांगतो, जोडायला काहीच नाही, चार संध्याकाळीत जोडून होते. सगळा खेळ रंगाचा आणि डेकलचा आहे.

रंग कुणाकडनं शिकलो सांग बघू. आपल्या गल्लीच्या टोकाला मूर्तिकार मामा आहेत ना, त्यांच्याकडनं. ज्येष्ठापासनं त्यांच्या मंडपात जाऊन बसायचो. त्यांची रंग फवारायची गन बघितली की कळतं, मूर्तीवर गन कधी थांबत नाही, हात मूर्तीच्या बाहेर सुरू होतो आणि बाहेरच संपतो. थांबली की तिथं ओघळ आलाच. मामा म्हणाले, पहिला हात नुसता धुकं पडल्यासारखा मार, खालचं दिसलं तरी दिसू दे, दुसरा जरा भरून, तिसरा ओला. मी माझ्या एअरब्रशनं, म्हणजे बारक्या गननं, तेच केलं, फक्त मूर्तीऐवजी प्लास्टिकच्या चमच्यांवर. तीसभर चमचे रंगवले. आई विचारायची बारसं आहे काय कुणाचं.

बॉडी आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची, कारण साच्यातनं सुटायला लावलेलं तेल तसंच असतं आणि रंग सुटतो. मग सांध्यांना लप्पी, म्हणजे फटी भरायची पेस्ट, वॉटर पेपर, मग प्रायमर. प्रायमर मारला की सगळे ओरखडे वर येतात, आधी दिसत नव्हते ते पण, म्हणून परत पेपर. हे मी तीनदा केलं.

आणि एक चूक केली ती सांगून ठेवतो, तू करू नकोस. थिनर संपला होता, म्हणून दुकानातनं साधा एनसी थिनर आणला, फर्निचरवाले वापरतात तो. मागच्या विंगचं एक पान त्यानं खाल्लं, प्लास्टिकवर केसासारख्या भेगा पडल्या. ते लाकडाला आणि पत्र्याला ठीक, स्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, नाही. ते पान लप्पी भरून वाचवलं, पण दोन आठवडे गेले. आता मॉडेलचा लेव्हलिंग थिनरच वापरतो, महाग पडला तरी.

मग आला आषाढ. आपल्याकडचा पाऊस तुला काय सांगायचा, सात सात दिवस सूर्य नाही, भिंती घाम आल्यासारख्या, कपाटातले कपडे वास मारतात. माझा धीर निघेना आणि मी निळा मारला. दहा मिनिटांत सगळ्या निळ्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं. पोटात गोळाच आला माझ्या. मामांना दाखवलं तर ते लगेच म्हणाले पाणी बसलं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं, लॅकरला हे फार होतं. ते स्वतः श्रावणात मूर्तींना हॅलोजन लावून वाळवतात. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात चाळीसचा बल्ब सोडला, गाडीपासनं लांब, कारण जास्त गरम झालं तर स्टायरीन वाकतं, आत थर्मामीटर ठेवून चाळीस डिग्रीच्या वर जाऊ दिलं नाही. आणि उघडीप बघून लेव्हलिंग थिनर नुसताच हलका फवारला, त्यात वाळणं लांबवणारा रिटार्डर असतो, तो रंग परत ओला करतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. पांढरं गेलं! माझ्या डोळ्यादेखत निळा परत वर आला. त्या दिवशी मी जेवायला पण उशिरा गेलो.

निळा कुठला, यावर बराच विचार केला. जुन्या फोटोत प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो, फिल्मप्रमाणं बदलतो, उन्हात एक आणि पावसात एक. शेवटी शाळेतल्या दौतीतल्या शाईच्या जवळ जाणारा ठरवला, आणि त्यात थेंबभर पांढरा घातला. बारक्या वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा मारला तर मॉडेल काळपट वाटतं. माझं मत असं की मॉडेलचा रंग डब्यातल्या नंबरावर सोडायचा नसतो, लांबनं बघून ठरवायचा असतो. तू आलास की सांग जमलाय का.

मास्क वापरतो हां. नुसता रुमाल नाही, कार्ट्रिजवाला. मामांना पण एक आणून दिला, वीस वर्षं ते ओला रुमाल बांधून काम करतात आणि हिवाळ्यात खोकतात. आधी लावेनात, आता लावतात.

आता डेकल. आमच्या शेजारचे काका त्याला रेडियम म्हणतात, रेडियमवाल्याकडनं कापून आणलंस का म्हणून विचारलं. रेडियमला मागं गम असतो, याला पाणी लागतं. कोमट पाण्यात पंधरावीस सेकंद, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवायचा, मग बोटानं हळूच ढकलून बघायचा, सरकला की तयार. उचलायचा नाही, कागदावरनं बॉडीवर सरकवायचा. बॉडी आधी चकचकीत पाहिजे, मॅट असली तर खड्ड्यांत हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी डाग दिसतात, ते काय केल्या जात नाहीत. म्हणून निळ्यावर क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी चकचकीत लेपाचा, एक पातळ हात मारून घेतला होता. आणि पाणी बोअरचं वापरू नकोस. आपलं बोअर म्हणजे निम्मा चुना, वाळलं की निळ्यावर पांढऱ्या कडा. मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणतो.

सगळ्यात जीव गेला तो पिवळ्या रेघांवर. निळ्यावर बारीक पिवळी रेघ, लांबच्या लांब, वळणावर फिरलेली. पहिली रेघ शेवयासारखी स्वतःलाच चिकटून बसली, मी श्वास रोखून परत पाण्यात सोडली, ब्रशनं उलगडली, अर्धा तास गेला असेल. वळणावर मार्क सॉफ्टर, म्हणजे डेकल मऊ करायचं औषध, लावला की डेकल आधी सुरकुततो, इतका की वाटतं गेला कामातनं, आणि त्या वेळी हात लावायचा नाही. अजिबात नाही. तो आपोआप बसतो, रंगवल्यासारखा. मी दुसऱ्या रेघेला हात लावला आणि ती तुटली. तिथं डेकलसारखाच पिवळा घोळून तीन केसांच्या ब्रशनं भरलंय, आधी खाली पांढरा देऊन, कारण निळ्यावर नुसता पिवळा हिरवट दिसतो. कुठं ते सांगत नाही, शोधून काढ.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते आता सांगतो. या किटच्या डेकलमध्ये चार जपानी अक्षरं आहेत. ता, इ, रे, रु. टिरेल. २४ ऑक्टोबर १९७६ ला फुजीला रेस झाली तेव्हा या इंग्लंडच्या टीमनं आपलं नाव गाडीवर जपानी अक्षरांत लिहिलं होतं, ते पण हिरागाना लिपीत. परकी नावं ते लोक एरवी काताकानात लिहितात, हिरागाना म्हणजे त्यांची घरची, पोरं पहिल्यांदा शिकतात ती. पाहुणे म्हणून गेले आणि यजमानाच्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहून उभे राहिले. तुला माहिताय आपण कुठं वाढलो. पाटीवरच्या अक्षरांवरनं आपल्या गावात काय काय झालं ते आपण दोघांनी लहानपणापासनं बघितलंय, मराठी शाळेत शिकलो, शेताचा उतारा कन्नडमध्ये, रेडियमवाला एका दिवसात दोन्ही लिप्या कापतो आणि दोन्ही सुंदर कापतो. ती चार अक्षरं पाण्यातनं काढून बॉडीवर सरकवताना माझा हात थरथरला रे. रात्रीचे अकरा वाजले होते. नखाएवढी अक्षरं, वाचता येत नाहीत, पण कुणीतरी मनापासनं कुणाचा तरी मान ठेवलाय एवढं कळतं. मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

त्या रेसला पण धो धो पाऊस होता माहिताय? त्या वर्षी चॅम्पियन कोण, लाउडा की हंट, ते तिथंच ठरायचं होतं. लाउडा दोन फेऱ्यांत गाडी थांबवून उतरला, म्हणाला या पावसात चालवणं चुकीचं आहे, ऑगस्टमध्ये रेसच्या अपघातात जळून मरता मरता वाचलेला माणूस, त्याला कोण काय बोलणार. हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८, एका पॉइंटनं चॅम्पियन झाला. सगळे तेवढंच सांगतात. दुसरा कोण आला ते कुणी सांगत नाही. देपाये आला, सहा चाकांवर, भर पावसात. त्याच्या गाडीचा नंबर चार.

तर सगळे डेकल लागलेत, खिडक्या बसवल्यात, फेव्हिकॉलनं, कारण मॉडेलच्या गमनं काच धुरकट होते. एकच डेकल राहिलाय, नाकावरचा चार. तो मी कापून झिपच्या पिशवीत घातलाय, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि गाडीवर बरणी पालथी घातलीय धूळ बसू नये म्हणून. तो तू लावायचास. मी दोनदा हातात घेतला आणि परत ठेवला. खडूनं तूच लिहिला होतास.

त्याच्यावर मग क्लिअर मारायचाय, आधी दोन हात अगदी कोरडे, कारण एकदम ओला मारला तर डेकल सुरकुततो. मग आठवडाभर वाळू द्यायचं, दोन हजारचा वॉटर पेपर आणि रबिंग, कडा सोडून, कारण कड पटकन खाल्ली जाते. परतीचा पाऊस अजून संध्याकाळी येऊन जातोय, त्यामुळं क्लिअर तसाही दिवाळीपर्यंत मारता येणार नाही. हवा कोरडी होते तेव्हाच तू येतोस. म्हणजे थांबल्यानं काही बिघडत नाही.

घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे दुखतात, तरी नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड बघायला दारात उभी होती. तुझ्या परड्यात भाडेकरूंची पोरं आहेत आता, परवा माती आणताना दिसली, किल्ला करणार असतील.

येताना मार्क सॉफ्टरची एक बाटली आण, इकडं मिळत नाही, मागवली तर दोन आठवडे लागतात. बाकी काही नको. वसुबारसेच्या आदल्या रात्रीची गाडी मिळाली तर बघ, मी स्टेशनला येतो, आणि त्या दिवशी चहा घेतल्या घेतल्या पाणी कोमट करायला ठेवतो.

तुझाच,
गल्लीतला