सर्पदंश संशोधनाचा निधी केसपेपरवर अडला आहे

महोदय,

खरिपात मराठवाड्यातल्या आरोग्य केंद्रांत घोणस, मण्यार, नागाच्या दंशाचे रुग्ण वाढतात. त्यांना दिली जाणारी सर्पदंशाची लस (प्रतिविष) मात्र बहुतांशी तामिळनाडूत इरुला या साप पकडणाऱ्या जमातीच्या सहकारी संस्थेने काढलेल्या विषापासून बनते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे सिद्ध झाले आहे. मग इथल्या विषावर काम का होत नाही? लसीचा मोठा ग्राहक सरकार, खरेदी निविदेतल्या कमी दराने, रुग्ण शेतमजूर. नव्या लसीत कंपनी पैसा कशाला घालेल? संशोधनाला निधी देण्यासाठी केंद्राने स्थापलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या ५०,००० कोटींपैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून अपेक्षित आहेत. त्यातून फुरशासारख्या विषारी सापावरच्या संशोधनासाठी किती सुटतील, याचा अंदाज कुणीही बांधावा.

राहिला सार्वजनिक पैसा. तो मोजलेल्या आजारामागे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने त्यावरच्या संशोधनासाठी ८ कोटी पौंड जाहीर केले. आपल्याकडे वर्षाला सुमारे ५८,००० मृत्यूंचा अंदाज आहे. सरकारी नोंदी त्याच्या जवळपासही नाहीत, कारण बरेच जण घरी किंवा वाटेतच दगावतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले, पण नुसता आकडा पुरत नाही.

केसपेपरवर गाव, दंशाची वेळ, २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल आणि लागलेल्या लसीच्या कुप्या, एवढे हवे. चाचणी सोपी आहे: शिरेतले २ मिली ताजे रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग एकदाच तिरके करायचे. गोठले नाही तर दंश घोणस किंवा फुरशाचा. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली की निरोगी रक्तही गोठेलच असे नाही आणि विनाकारण दिलेली लस वाया जाते. लस दिल्यावर ६ तासांनी चाचणी पुन्हा करायची.

एखाद्या तालुक्यात रक्त गोठायला सातत्याने जास्त कुप्या लागत असतील, तर तिथल्या विषाला लस कमी पडते, असा संशय घ्यायला जागा आहे. उशिरा आलेल्यालाही जास्त लागू शकतात, म्हणून दंशाची वेळ गाळून चालणार नाही. अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हे कागद दरमहा गोळा केले, तर विष गोळा करण्याची वनखात्याची परवानगी आणि अनुदान, दोन्ही मागायला आधार मिळेल. काचेच्या नळ्या रुग्ण कल्याण समितीच्या निधीतूनही घेता येतील.

— ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा