दादा, नुसता नट आवळू नकोस

मँचेस्टर, रविवार रात्र

दादा,

काल आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, ती भांडी घासायली होती आणि मागं सिंकचा मिक्सर नळ सारखा डुगडुगताना दिसला. विचारलं तर म्हणते, काय नाही गं, हलतो जरा. जरा कसला, एका हातानं नळ धरायचा आणि दुसऱ्या हातानं पाणी सोडायचं असं चाललंय तिचं. बुडाला जुन्या इरकलीचा काठ गुंडाळलाय, तो भिजला की पिळायचा आणि परत गुंडाळायचा. मला काय चैन पडेना बघ. तू शनिवारी कोल्हापूरहून बेळगावला चाललायस ना, तर हे काम करूनच ये.

प्लंबर दोनदा येऊन गेला म्हणे. पहिल्यांदा पाना फिरवला, दुसऱ्यांदा वरनं सिलिकॉन फासलं, आठवड्यात परत तेच. नुसतं आवळून हे थांबत नाही, माझ्या इथल्या भाड्याच्या घरात अगदी हेच झालेलं म्हणून खात्रीनं सांगतेय. सिंक पातळ पत्र्याचं आणि एवढा जड नळ उभा एका आट्याच्या दांडीवर, त्याची लांब मान इकडून तिकडं ओढली की पहारीसारखा जोर बसतो, पत्रा लवतो आणि दर वेळी खालचा नट केसभर सैल होतो. आणखी आवळलास तर पत्र्याला खड्डा पडणार, तिथं पाणी साठणार आणि भोकातनं खालच्या कपाटात गळणार. तांदळाच्या डब्याखालचा प्लाय फुगलाय तो त्यानंच.

म्हणून पत्र्याला खालनं आधार पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या वर्कशॉपमधनं 3 मिलीमीटर जाडीची, तळहाताएवढी एसएसची (स्टेनलेस स्टीलची) प्लेट कापून घे. सिंकचं नळाचं भोक बहुतेक 35 मिलीमीटरचं असतं पण तू मोजूनच जा. आणि प्लेटला मधे बंद भोक नको, एका बाजूनं उघडी खाच ठेवायला सांग, म्हणजे पाइप न काढता सरकवता येते, मी पहिल्यांदा बंद भोकाची केली आणि दोन्ही पाइप सोडवत बसले. दांडीचे आटे प्लेट घालून वर दोन नट बसतील एवढे उरतात का तेही आधी बघ.

दोन्ही अँगल कॉक, म्हणजे सिंकखालचे पाणी बंद करायचे छोटे नळ, बंद करून, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दे, मगच खाली शिर. आईला वरनं नळ सरळ धरून उभी कर, एकट्यानं हे जमत नाही, तुम्ही खाली आवळत असता आणि वर नळ फिरून बसतो. पत्र्याला लागून रबराचा वॉशर, मग प्लेट, मग घोड्याच्या नालेसारखा लोखंडी वॉशर, मग नट. साधा पाना तिथं फिरत नाही, लांब बॉक्स पाना घेऊन जा. पहिल्या नटावर दुसरा नट चढवून एकमेकांवर घट्ट कर, तो सैल व्हायचा थांबतो. पाइपांना पीळ किंवा ताण राहिलाय का हात लावून बघ, पीळ असला की पाइपच नळाला फिरवत राहतो.

आणखी एक, मान फिरवायला जड जाते का बघ. आतली रबरी रिंग कोरडी पडली की मानेबरोबर अख्खा नळ फिरतो आणि सगळी मेहनत वाया. तिथं सिलिकॉन ग्रीस लाव, आई खोबरेल तेल आणून देईल, ते नको, तेलानं काही रबरं फुगतात.

आठवडाभर तिला घागर नळाला टेकवून भरू देऊ नकोस. पुढच्या रविवारी फोनवर तिलाच नट हातानं फिरतो का बघायला सांगते मी. काहीही खरेदी करायच्या आधी टॉर्च लावून सिंकखालचा फोटो तेवढा पाठव.

तुझी,
धाकटी