मुख्याधिकारी साहेब, ते आठ गुंठे आमचेच आहेत

मा. मुख्याधिकारी साहेब,
स. न. वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे, कारण माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. गेल्या सोमवारी पहाटे पावणेसहाला बायपासच्या कडेला माझी कुत्री चिंगी वाळूच्या डंपरखाली आली. मागून हॉर्न वाजला, ती बिथरली, पट्ट्याला हिसका बसला आणि मी तोंडावर आपटले. उठून बघते तो ती रस्त्याच्या मधोमध पडलेली. ओरडतसुद्धा नव्हती. गावातल्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नाही म्हणून भाड्याची गाडी करून जळगाव गाठलं. मागचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला. माझं मनगट मोडलंय हे मला दुपारी कळलं.

अडुसष्ट वर्षांची बाई पहाटे बायपासवर काय करत होती, असं आपण विचाराल. दुसरं कुठे जाणार होते? बागेच्या फाटकावर मार्चपासून ‘कुत्र्यांना सक्त मनाई’ अशी पाटी आहे. कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर मोकाट टोळ्या आहेत, त्या पट्ट्यात बांधलेल्या कुत्र्यावर तुटून पडतात. उशिरा निघावं तर आपल्या खान्देशातला मे महिना आपण जाणता. नऊ वाजता डांबरावर तळहात टेकवून बघा, किती वेळ टेकवता येतो ते. कुत्र्याच्या पायात चप्पल नसते, साहेब.

गेल्या जूनमध्ये आम्ही 22 घरांनी सह्या करून अर्ज दिला. पाण्याच्या टाकीमागच्या ओपन स्पेसचा आठ गुंठ्यांचा कोपरा तारजाळीने बंदिस्त करून द्या, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास पाळीव कुत्री पट्ट्याशिवाय सोडू द्या, एवढीच मागणी होती. आपण स्वतः जागेवर आलात. पावलं टाकून जागा मोजलीत. कडुनिंबाखाली उभं राहून म्हणालात, “दिवाळीपर्यंत जाळी मारून देतो.” त्या दिवशी मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये होऊन गेली. मग ऐकलं, नगरपालिका निवडणुकीची आचारसंहिता आहे. ती 4 नोव्हेंबरला लागली, दिवाळीनंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी. मग मतदान, मग 21 डिसेंबरचा निकाल. जानेवारीत आपल्या कार्यालयात उत्तर मिळालं, “सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, आता कुत्र्यांचं काही करता येत नाही.” आणि मार्चमध्ये त्याच कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक उतरले, सभामंडपाचा पाया खोदला गेला. कडुनिंब तोडला. कोणालाही न विचारता तोडला.

तो आदेश मी नातीकडून वाचून घेतला आहे. 7 नोव्हेंबर 2025 चा आदेश शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं इथल्या मोकाट कुत्र्यांबद्दल आहे. त्याआधी 22 ऑगस्टला त्याच कोर्टाने सांगितलं होतं की मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्यांच्या भागात परत सोडा, पिसाळलेली आणि चावरी सोडून. पाळीव कुत्र्यांना कुंपणाच्या आत पळू देऊ नका, असं त्यात कुठे लिहिलं आहे? मला ओळ दाखवा. आणि नसबंदीचं म्हणाल तर 2023 चे नियम ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकतात. आमच्या कॉलनीत मोकाट कुत्री मी स्वतः मोजली, 31 भरली. शस्त्रक्रियेची खूण म्हणून कान कातरलेलं त्यांत एकही नव्हतं.

कायद्याचंच बोलायचं तर आणखी एक सांगते. प्राण्यांच्या छळाचा 1960 चा कायदा, कलम 11. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही तर तो गुन्हा आहे. म्हणजे मी चिंगीला ओट्यावर बांधून ठेवली तर मी गुन्हेगार, बागेत नेली तर पाटी, रस्त्यावर नेली तर डंपर. मी तिला नेऊ कुठे, हे एकदा लेखी द्या.

आमच्या भाच्याच्या शेतात केळीचा बाग काढून झाल्यावर रान काही दिवस मोकळं होतं. तिथे दोन वर्षांपूर्वी चिंगीचा पट्टा पहिल्यांदा सोडला. आधी ती जागची हललीच नाही. पट्टा सुटला आहे यावर तिचा विश्वास बसेना. मग एकदम कान मागे टाकून सुटली, बांधापर्यंत, तिथून विहिरीपर्यंत, पुन्हा माझ्यापर्यंत. अर्धा तास पळाली. त्या रात्री ती फटाक्यालासुद्धा भुंकली नाही. दिवसभर दोन हात दोरीला बांधलेलं जनावर चिडकं होतं आणि मोकळं धावलेलं शांत होतं. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांनीच खरं तर ही जागा आमच्याआधी मागायला हवी. आता चिंगी तीन पायांवर उभं राहायला शिकते आहे. पडते, माझ्याकडे बघते, पुन्हा उठते. मला ते बघवत नाही.

आवक खिडकीवर मला ऐकवलं गेलं, “माय, आठे माणससले बसाले जागा नही, कुत्रासले कोठून दिऊ?” त्या माणसावर माझा राग नाही. पण माणसांची जागा खाल्ली कोणी? कुत्र्यांनी? ले-आउट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते आणि तिची किंमत प्लॉट घेणारे मोजतात. आम्ही 1994 साली मोजली. आज आमच्या भागातल्या तीन ओपन स्पेसपैकी एकीवर मंगल कार्यालय आहे, एकीवर कुलूप आहे आणि तिसरीवर आता तुमचा सभामंडप. पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात, म्हातारे पुलाच्या कठड्यावर बसतात. चार वर्षं निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासक होते. तेव्हा सांगायचे, लोकप्रतिनिधी येऊ द्या. आता ते आले, तर ते सांगतात, साहेबांना भेटा. तुम्ही सांगता, ठराव येऊ द्या. घरपट्टीचं बिल मात्र कोणाच्याही येण्याची वाट बघत नाही.

पैसे नाहीत म्हणू नका. हैदराबादच्या महापालिकेने कचरा टाकायच्या जागेवर कुत्र्यांसाठी उद्यान केलं. ते 2018 ला सुरू झालं, 1.3 एकर म्हणजे 52 गुंठे. आम्ही आठ मागितले. तारजाळी, आत-बाहेर अशी दोन फाटकं म्हणजे एक उघडलं तरी कुत्रं बाहेर पळत नाही, पाण्याचा एक नळ आणि घाणीसाठी झाकणाचा डबा. घाण आम्ही उचलू. लसीचं कार्ड दाखवल्याशिवाय कोणाला आत सोडणार नाही. हे सगळं जूनच्या अर्जात लिहिलं होतं. तुम्ही तो वाचला होता का?

सभामंडपाचं काम थांबवा. पाया जोत्यापर्यंतही आलेला नाही. त्या जागेचा मंजूर नकाशा आम्हाला दाखवा. बागेची पाटी काढा किंवा ती कोणत्या ठरावाने लावली त्याची प्रत द्या.

मंगळवारी अकरा वाजता आम्ही 22 घरांतली माणसं तुमच्या कार्यालयात येतो आहोत. चिंगीलाही आणणार आहे. जिन्यावर तिला उचलून घ्यावं लागेल आणि माझा एकच हात चालतो, म्हणून भेट तळमजल्यावर ठेवावी.

आपली,
पाण्याच्या टाकीमागच्या कॉलनीतली एक निवृत्त शिक्षिका